अ‍ॅव्हरेज

भैयाजीने जॅक लावून गाडीची मागची बाजू उचलली आणि उजवं चाक हाताने फिरवलं. चार-पाच गिरक्या घेऊन ते सावकाश थांबलं. मग त्याने डावं चाक फिरवलं. ते अर्धा फेरा जाऊन अडलं.

"लावा हात, गुरुजी," तो म्हणाला.

गुणवंतरावांनी दोन्ही हातांनी जोर लावला. चाक करकरत वीतभर सरकलं आणि पुन्हा थांबलं.

मूल गावातल्या या गॅरेजात ते सकाळपासून बसले होते. गाडी चौदा वर्षांची. पूर्वी लिटरला अठरा किलोमीटर द्यायची, ती वर्षभरात बारावर आली होती. त्यांनी आधी पेट्रोलवर संशय घेतला, तीन पंप बदलून पाहिले. भैयाजीने आज प्लग काढले, एअर फिल्टर झटकला, टायरमधली हवा मोजली. सगळं ठीक होतं. टाकीही कुठे गळत नव्हती. मग त्याने समोरच्या सपाट रस्त्यावर गाडी पळवून न्यूट्रल केली. ती कुणीतरी मागून धरल्यासारखी थांबली, तेव्हा कुठे त्याचं लक्ष चाकांकडे गेलं.

आता त्याने ते डावं चाक उतरवलं आणि ड्रम ठोकून ठोकून बाहेर काढला. जळकट वास आला. ड्रम आतून निळा पडला होता. हँडब्रेकची तार गंजून अडकली होती. दांडा खाली केला तरी आत ब्रेक धरलेलाच राहत होता.

"गाडी ब्रेक दाबूनच चालून राह्यली, गुरुजी," भैयाजी म्हणाला. "पेट्रोल नाई खाईन तं काय करन? अन् हे आजचं नाई. वरीस झालं असन."

वर्ष. पत्रूला काढून तर चारच महिने झाले होते.

पत्रू त्यांचाच विद्यार्थी. गुणवंतरावांच्या पत्नीला, रुखमाबाईंना, लकवा मारला तेव्हापासून, सहा वर्षं, तोच गाडी चालवत होता. दर मंगळवारी बाईंना उचलून गाडीत बसवायचा, जंगलातल्या रस्त्याने चंद्रपूरच्या दवाखान्यात न्यायचा आणि तसंच उचलून घरात आणायचा. अ‍ॅव्हरेज पडायला लागलं तेव्हा तो दोनदा म्हणाला होता, की गाडी जड चालते, मागचं चाक तापते, भैयाजीला दाखवून आणतो. गुणवंतरावांना ती पळवाट वाटली; तो टाकीतलं पेट्रोल काढून विकतो, अशी त्यांची खात्री झाली. तीस वर्षं मास्तरकी केल्यावर खोटं बोलणारा चेहरा आपल्याला ओळखू येतो, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

दिवाळीच्या आधी, भर चौकात, अंकुशच्या पानठेल्यासमोर त्यांनी पत्रूला गाडीतून खाली उतरवलं. दोन्ही हात पुढे करायला लावले आणि वाकून वास घेतला. पेट्रोलचा वास होता. आत्ताच पंपावर टाकीचं झाकण लावलं, असं पत्रू सांगत होता. तोवर लोक जमले होते. गुणवंतरावांनी किल्ली काढून घेतली आणि सगळ्यांदेखत त्याला चोर म्हटलं.

गुरुजी खोटं बोलत नाहीत, हे सगळ्या मूलला ठाऊक होतं. त्यामुळे पत्रूला पुन्हा कुणी गाडी दिली नाही. राइस मिलवाल्याने नाही, लग्नाच्या गाड्या भाड्याने देणाऱ्यांनीही नाही. संक्रांतीनंतर तो बायकोला घेऊन तेलंगणात मिरची तोडायला निघून गेला.

भैयाजी नवे ब्रेक लायनर बसवायला लागला. गुणवंतराव गॅरेजमागे मोहाच्या झाडाखाली गेले. तिथून त्यांनी पत्रूला फोन लावला.

"हो गुरुजी, बोला," पत्रू म्हणाला. आवाजात पूर्वीचाच आदर होता. गुणवंतरावांनी सगळं भराभर सांगून टाकलं. चाक, ड्रम, गंजलेली तार. तुझी काही चूक नव्हती, असंही म्हणाले. कामावर परत ये, म्हणाले.

पत्रूने सगळं ऐकून घेतलं. मागे शेतातल्या बायकांचं बोलणं ऐकू येत होतं.

"बाईले कोन उचलते आता?" त्याने विचारलं.

गुणवंतरावांनी खरं तेच सांगितलं. उचलायला कुणी नाही. चार महिन्यांपासून बाईंना दवाखान्यात नेणंच बंद आहे.

पत्रू हळू आवाजात म्हणाला, "चोर म्हनले तवा चौकात म्हनले होते तुमी, गुरुजी. हे फोनवर काऊन सांगून राह्यले?"

मग त्याने मिरचीचं वजन व्हायचं आहे असं सांगून फोन ठेवला.

गुणवंतराव पुढे आले, तेव्हा अंकुश आपल्या मोटरसायकलच्या चाकात हवा भरायला थांबला होता. सोबत पानठेल्यावरचे आणखी दोघे होते.

"काय निघालं, गुरुजी?" अंकुशने हसत विचारलं. "पेट्रोल तं पेट्रोल, पत्रूनं अजून काय काय काढलं होतं?"

ते दोघेही हसले. भैयाजीचा पाना थांबला. त्याने मान वर करून गुणवंतरावांकडे पाहिलं आणि तसाच पाहत राहिला.

गुणवंतरावांनी तिघांच्या तोंडांकडे एकदा पाहिलं.

"काही नाही," ते म्हणाले. "गाडी जुनी झाली."

भैयाजीने मान खाली घातली आणि चाकाचे नट आवळायला घेतले.