जमिनीखालची गाडी

"अन् गुडघा कसा आहे तुहा?" तानाबाईने फोनवर विचारलं.

"बरा आहे, माय. आता दुखत नाही."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. बूथवाला नासिर तिच्या तोंडाकडे पाहत होता. "गुडघ्याले काय झालं फकिराच्या?" त्याने हळूच विचारलं. तिने नुसता हात हलवला.

कापसाचा भाव पडला, नेरचं जिनिंग बंद झालं, तेव्हा तिथे फिटर असलेला फकिरा, तिचा एकुलता एक मुलगा, दिल्लीला गेला. तिथे शहराच्या पोटातून रेल्वे न्यायची होती, बोगद्यात माणसं हवी होती. सोबतीला महागावचा खेमसिंग होता, जिनिंगमध्ये पडून गुडघा दुखावलेला. दर रविवारी दुपारी फोन यायचा. पण दोन दिवाळ्या गेल्या, पोरगा काही घरी आला नाही.

"मावशी, मले तर डाउट येते," नासिर म्हणायचा. "त्यानं तिकडं बाई ठेवली असंल. नाही तर येऊन काहून नाही राह्यला?"

संशय तानाबाईलाही होता. कधी सुटी नाही, कधी तिकीट नाही. जास्त खोदून विचारलं की बोलण्याची गाडी बोगद्याकडे वळायची.

सांगायचा मात्र रंगवून. वर सराफा, खाली मशीन माती खात चाललेली, तरी सोनाराचा काटा हलायचा नाही. एका म्हातारीच्या भिंतीला तडा गेला, तर साहेब रोज तडा मोजायला यायचा आणि ती त्याला रोज चहा पाजायची.

आज तर गाडीच सुरू झाली होती.

"लोकं नुसते बसाले येते, माय. पोट्टे घेऊन, डबे घेऊन. चालता जिना पाहून बाया चपला हातात घेते."

"तू बसला?"

"बसलो ना. जे खोदाले आमचं वरीस गेलं, ते दोन मिनिटांत सरलं."

"दोघंबी बसले? तू अन् खेमसिंग?"

तिकडे नुसती खरखर.

"हो... दोघंबी."

"मंग आता काम सरलं. घरी ये."

"पुढची लाइन खोदून राह्यलो, माय. ठेकेदार सोडत नाही."

नासिर पुढे वाकून कुजबुजला, "बाईचं नाव विचार. आज सोडू नको."

"तू जरा बाहीर जाय, नासिर."

तो चमकला, पण गेला. तानाबाईने काचेचं दार ओढून घेतलं, स्टुलावर बसली. पदराने तोंड पुसलं. बाहेर नेर-यवतमाळ बस वळली. तिचा आवाज जाईपर्यंत ती थांबली.

"माय? आहेस ना?"

"आहो," ती म्हणाली. "खेमसिंग, माह्या फकिराले अग्नी कोणं देला, तेवढं सांग बापू."