घरचा आवाज

ग्राफिक्स कार्डाचे पंखे गरगरले आणि पुन्हा थांबले. लॅपटॉपने दाद दिली नाही.

"वाकुल्या दाखवतंय मला," टेबलाखालून नवरा म्हणाला. सकाळपासून तो वायरींच्या गुंत्यात गुडघ्यांवर रांगत होता.

ती खुर्चीत बसून हसली. त्या हसण्यालाही आवाज नव्हता. घशाच्या ऑपरेशनात स्वरयंत्र काढावं लागलं, त्याला आता वर्ष होत आलं होतं. जीव वाचला, आवाज गेला. हल्ली घरातलं प्रत्येक भांडण नवराच जिंकायचा, आणि ते जिंकणं त्याला अळणी लागायचं.

नोकरीत असताना ती सुट्टीच्या दिवशी अंधांच्या ग्रंथालयात जात असे. एका बंद खोलीत माइकपुढे बसून मुलांसाठी शाळेची पुस्तकं वाचत असे. ऐकणारं कुणी तिला कधी भेटलं नाही. काचेपलीकडच्या भिंतीला वाचून दाखवल्यासारखंच ते होतं. पण त्याच ध्वनिफिती आता कामी आल्या होत्या. एका संस्थेने त्यांवरून तिचा आवाज संगणकावर घडवला होता. तिने टाइप करायचं आणि लॅपटॉपने तिच्या आवाजात बोलायचं. अडचण एवढीच होती की लॅपटॉपला ते ओझं पेलत नव्हतं. पहिल्या शब्दालाच तो गोठून जायचा.

म्हणून संस्थेने डेस्कटॉपमध्ये बसवतात तसलं दणकट ग्राफिक्स कार्ड पाठवलं. लॅपटॉपच्या पोटात ते मावणं शक्यच नव्हतं. ते बाहेर एका पट्टीवर उभं राहणार, त्याला वीज द्यायला वेगळा पॉवर सप्लाय आणि तिथून एक केबल लॅपटॉपला. "त्यात काय अवघड आहे?" असं नवरा काल म्हणाला होता. आज त्याने ते पुन्हा म्हटलं नव्हतं.

दुपारी संस्थेचा तंत्रज्ञ आला. दारात पांढरी काठी दिसली आणि नवरा गडबडला. "या, या. म्हणजे... सांभाळून."

"टेबल कुठे आहे तेवढं सांगा, काका," तो तरुण हसत म्हणाला. "पुढचं मी बघतो. म्हणजे, चाचपतो."

आधी त्याने सगळं बंद करायला लावलं. मग त्याची बोटं कार्डाच्या कडेवरून सावकाश सरकत गेली आणि एका ठिकाणी थबकली.

"इथे दोन सॉकेट आहेत. वीज एकालाच दिलीत. अर्ध्या पोटी कोण कामाला लागेल, काका?"

"मला वाटलं, ते दुसरं जास्तीचं असेल."

तरुणाने दुसरी वायर शोधली, फिरवून पाहिली आणि खट्‌कन बसवली. मग लॅपटॉपची कड चाचपून म्हणाला, "इथली दोन्ही भोकं माझ्या बोटांना सारखीच लागतात. आता तुमचे डोळे द्या. केबल विजेची खूण असलेल्या भोकातच चालते. ती खूण कुठल्या भोकाशी आहे?"

नवऱ्याने चष्मा वर ढकलला. "डावीकडच्या." केबल उजवीकडच्या भोकात होती. त्याने ती गुपचूप काढून डावीकडे खोचली.

आधी पॉवर सप्लाय सुरू केला, मग लॅपटॉप. पंखे फिरले. या वेळी ते फिरतच राहिले. पडद्यावर कार्डाचं नाव उमटलं तेव्हा नवऱ्याने शाळकरी पोरासारखी टाळी वाजवली.

"बोला, बाई," तरुण म्हणाला.

शाळेतल्या शिक्षिकेला म्हणतात तसं बाई तिला कुणी कधी म्हटलं नव्हतं. ती लॅपटॉपपुढे बसली. पहिलं वाक्य आभाराचं असावं असं तिने ठरवलं होतं. पण समोर नवरा धुळीने माखलेल्या पँटनिशी सोफ्यावर टेकायला निघाला होता. तिची बोटं आपोआप चालली.

"अहो, आधी गुडघे झटका."

तिचाच आवाज. तोच हेल, तीच किंचित वैतागलेली माया. नवरा होता तिथेच उभा राहिला. मग त्याने खाली वाकून गुडघे झटकले, आणि धूळ गेली तरी बराच वेळ तो झटकतच राहिला. त्याचे खांदे हलत होते.

तिनेही पदराने डोळे पुसले आणि तरुणासाठी पुन्हा टाइप केलं. "तुमचे उपकार कसे फेडू? पण हा आवाज आणलात कुठून? माइकपुढे मी ताठ बसून, जपून वाचायचे. हे तर माझं घरातलं बोलणं आहे."

"जपून वाचलेल्यावरून आधी केला होता, बाई. तो बातम्या दिल्यासारखा झाला. मग मी लहानपणी ऐकलेल्या तुमच्या कॅसेट काढल्या. त्यांतलं कुणी काही कापलेलं नव्हतं. पान चिकटलं की तुम्ही स्वतःशी पुटपुटायचात. शिंक आली की माफी मागायचात."

तिचे कान तापले. ते सगळं पुसून टाका म्हणून ग्रंथालयात तिने कितीदा बजावलं होतं. पण लाजेपेक्षा आनंद मोठा होता. भिंतीपलीकडे खरंच कुणीतरी होतं. तिने भरभर टाइप केलं. "म्हणजे माझा भूगोल तुम्ही ऐकायचात?"

"भूगोल?" तो मोकळेपणाने हसला. "भूगोलात मी दोनदा नापास झालो, बाई. मी कॅसेट पुढे पळवून फक्त तुमचं 'थांब हं बाळा, पाणी पिते' ऐकायचो. वसतिगृहात मला बाळा म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं."