सोपा खेळ

टेबलावर खेळाच्या नव्या आवृत्तीचं नियमपुस्तक दिसलं आणि डेंटिस्ट चपला काढायच्या आतच भडकला. वर्षानुवर्षं तो रविवारी दुपारी आपल्या वायरमन मित्राकडे यायचा. वायरमन गोष्ट रचायचा, डेंटिस्ट तिच्यातला लढवय्या व्हायचा आणि कोण जगणार, कोण मरणार, ते फासे ठरवायचे.

"सगळी बेरीज-वजाबाकीच काढून टाकली यांनी! फासा टाका, मोठा आकडा आला की जिंकलात. याला काय खेळ म्हणायचं? आणि जुन्या नियमांसाठी सगळ्यांशी भांडणारा तू, तूच हे विकत आणलंस?"

"सोपं आहे जरा," वायरमन खाली बघत म्हणाला.

"सोपंच हवं असेल तर सापशिडी खेळू की!"

स्वयंपाकघरातून वहिनी बाहेर आल्या. "भावजी, त्यांना नका बोलू. पुस्तक मी आणलंय. मागच्या महिन्यात हे गावाला नव्हते गेले, दवाखान्यात होते. मेंदूचा झटका आला होता. तेव्हापासून बेरीज जमत नाही. पाच आणि तीन किती, तेही मला विचारतात. तुम्हाला कळू नये म्हणून खेळच बंद करायला निघाले होते."

डेंटिस्ट खुर्ची ओढून टेबलाशी बसला. मग त्याने नवं पुस्तक उचलून बाजूच्या स्टुलावर आपटलं.

"जुनंच काढ," तो ओरडला. "बेरीज करायला मी काय मेलोय का?"