पायाळू

नणंदेच्या हळदीच्या सकाळी लाडवांचं पातेलं उचलताना सासूबाईंच्या कंबरेत उसण भरली. कळ थेट खुब्यात गेली. घरभर पाहुणे, उद्या लग्न, आणि ह्या चटईवर आडव्या.

"पायाळूची लाथ बसली की उसण जाते," आत्याबाई म्हणाल्या, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले होते.

माझं डोकं सणकलं. मी लग्न होऊन आले त्याच महिन्यात सासरे गेले, तेव्हापासून सासूबाईंच्या लेखी मी पांढऱ्या पायाची. मघाशीच त्यांनी माझ्या हातातली हळदीची वाटी हिसकावली होती. आता हेच पाय हवेत!

"अगं, बघत काय उभी राहिलीस? मार की लाथ!" सासूबाई कण्हल्या.

मी पदर खोचला.

"मारते ना. आधी वन्संना हळद लावून येते. तोवर पडा तशाच."