पांढरी काच

बेल्जियममधल्या गेंट शहराच्या इस्पितळात संसर्गाच्या खोलीत ठेवलेला रूल जन्मापासून बहिरा होता. बायकोला, गोडलीव्हला, आत सोडत नसत. ती काचेबाहेरून हातांच्या खुणांनी त्याच्याशी बोलायची.

त्या दुपारी त्याने विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

डॉक्टरांनी हात टेकले होते. पण गोडलीव्हने थाप ठरवून ठेवली होती. "इस्टरला तू घरी..." एवढ्या खुणा झाल्या आणि काच दुधासारखी पांढरी झाली.

"काचेची वीज गेली," नर्स म्हणाली. "आतल्या प्लास्टिकच्या थरात द्रवस्फटिकांचे थेंब असतात. विजेवर ते एका दिशेने राहतात, म्हणून आरपार दिसतं. वीज गेली की विस्कटतात. एरवी आडोसा हवा असला की आम्हीच बटण दाबून काच अशी बंद करतो."

"अगं, ते राहू दे! आत जाऊन त्याला लिहून दाखव, मी इथेच आहे."

"जातेच, पण अंगावर सगळं चढवायला दहा मिनिटं लागतील, काकू."

गोडलीव्ह पांढऱ्या काचेवर हात ठेवून उभी राहिली. नर्स हातमोजे घालत होती, तेवढ्यात काच स्वच्छ झाली.

रूल तिच्याकडेच बघत होता. त्याचे हात सावकाश हलले.



"रडू आलं म्हणून काच बंद करायला लावलीस ना? आता किती दिवस उरलेत, तेवढंच सांग."