कानशिलापाशी

कवटी हातात घेताना मामा गहिवरले. प्राणिसंग्रहालयात अकरा वर्षं या फोसा मादीला, मांजरासारख्या दिसणाऱ्या त्या शिकारी प्राण्याला, त्यांनीच खाऊ घातलं होतं. म्हातारी होऊन गेली बिचारी.

"मामा, कानशिलापाशी हा खळगा बघा," पशुवैद्यक कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या. "अशा खळग्यालाही आम्ही फोसाच म्हणतो. जबड्याचा स्नायू इथं बसतो. मादागास्करच्या जंगलात हा प्राणी माकडासारख्या लेमूरची मान चाव्यासरशी मोडतो, ती ताकद इथली."

मामांनी अंगठा खळग्यात टेकवला. जागा ओळखीची होती.

"इथंच तर रोज खाजवायचो मी, गजांतून हात घालून. डोळे मिटून घ्यायची."

मॅडम त्यांच्या हातांकडे बघत राहिल्या. मग मामांनीही पाहिलं, जणू पहिल्यांदाच.

बोटं दहाच्या दहा होती.