हापशाची शर्यत

भुजंगनं कोपर मारलं तसा भीमा सडकेवरून थेट बाभळीत गेला.

मागच्या जीपमध्ये व्यंकटराव होते. त्यांनी ते पाहिलं आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. पंच अजून पुढच्या वळणावर होते.

"बघत काय उभा राहिलास? पळ!" ते लेकावर खेकसले.

भुजंग पळाला.

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि पाठोपाठ पावसानं पाठ फिरवली. टँकरमागं घागरी घेऊन पळणाऱ्या लोकांपुढं नव्या जिल्ह्याचा आनंद कसा साजरा करायचा, हा कलेक्टरसाहेबांपुढं प्रश्नच होता. मग त्यांनी शर्यत काढली. औशापासून लातूरच्या मैदानापर्यंत, एकवीस किलोमीटर. भाग फक्त कोरड्या गावांतल्यांनी घ्यायचा. जो पहिला येईल त्याच्या गावात हापसा बसणार, आणि जागा तो दाखवील तीच. साहेबांनी आणखी एक बजावलं होतं. हापसा सरकारी, पाणी सगळ्यांचं. अडवील त्याच्यावर खटला.

भुजंग आणि भीमा एकाच गावचे. गावात एकच विहीर जिवंत होती. भुजंगच्या भावकीतल्या बाया तिच्यावर पाणी शेंदत. भीमाच्या वस्तीतल्या बाया खाली उन्हात घागरी मांडून बसत. कुणाच्या मनात आलं तर वरून ओतायचं, नाही तर बसा. वस्तीनं बुद्धाचा धर्म घेऊन पाव शतक उलटलं होतं, पण विहिरीला ते कुणी सांगितलं नव्हतं. भीमा शिकला, औशात मास्तर झाला. गावात मात्र तो भीम्याच होता.

"हापसा आपल्या मळ्यात घ्यायचा," व्यंकटराव आठवडाभर घोकत होते. "कुंपणाच्या आत. मग येऊ दे कोण येतंय ते."

भुजंगला काळजी नव्हती. तो कबड्डीतला गडी, मांड्या खांबासारख्या. एवढं लांब तो जन्मात पळाला नव्हता, पण पळण्यात शिकायचं काय? बैलबी पळतंय. सुटल्या सुटल्या त्यानं सगळ्यांना मागं टाकलं होतं. एकटा भीमाच तेवढा चिकटून राहिला होता. त्याचाही आता बाभळीनं निकाल लावला.

निम्मी वाट सरली आणि भुजंगची छाती भात्यासारखी वर-खाली व्हायला लागली. ऊन चढलं. सडकेचं डांबर मऊ झालं. आणि मागून पावलं वाजली. एकसारखी, न चुकणारी.

भीमा बरोबरीला आला. हात काट्यांनी फाटले होते, कोपरावर रक्त वाळलं होतं.

"उठलास व्हय?" भुजंग म्हणाला.

"पडून राह्यला आलो न्हाई."

भुजंगनं पळता पळता कपाळाचा घाम निपटला.

"हापसा कुठं घेणार? वस्तीत?"

"पाणी लागंल तितं."

"आमच्या विहिरीचं पाणी पिऊन मोठा झालास, भीम्या. इसरू नको."

"न्हाई इसरलो," भीमा म्हणाला. "वरून ओतलेलं समदं ध्यानात हाय."

भुजंगनं पुन्हा कोपर उगारलं. या वेळी भीमा तयार होता. तो बाजूला सरला आणि भुजंगचाच तोल गेला.

जीप जवळ आली. व्यंकटरावांनी तांब्या पुढं केला. भुजंग पळता पळता घटाघटा प्यायला. भीमाची नजर क्षणभर तांब्यावर गेली. ती व्यंकटरावांनी बरोबर टिपली. त्यांनी तांब्या जीपबाहेर धरला, भीमाकडं बघत तिरपा केला आणि उरलेलं सगळं पाणी सडकेवर ओतलं. डांबरावर वाफ झाली आणि विरली. तेवढ्या पाण्यासाठी त्या साली माणसं भांडत होती. भुजंगला ते बघवलं नाही, त्यानं मान वळवली.

भीमानं ओठांवरून जीभ फिरवली आणि वेग वाढवला.

व्यंकटरावांनी जीप त्याच्यापुढं घालायला लावली, धुरळा उडवला. भीमा धुरळ्यात शिरला आणि पलीकडून बाहेर निघाला. पुढं पंचांची गाडी होती. मग जीपला मागं यावंच लागलं.

भुजंगच्या पोटात पाणी डुचमळलं. पोटऱ्यांत गोळे आले. लातूरची पहिली घरं दिसली तेव्हा तो रस्त्याकडेला ओणवा होऊन ओकत होता. पाठमोरा भीमा बारीक होत होत दिसेनासा झाला.

भुजंग मैदानात पोचला तो लंगडत. तोवर टाळ्या संपल्या होत्या. मांडवात भीमाच्या गळ्यात हार होता. ट्रकमधून आलेल्या वस्तीच्या बाया त्याच्याभोवती जमल्या होत्या, आणि त्याची आई चांगुणा पदरानं त्याचं तोंड पुसत होती.

आता बाप चारचौघांत थोबाड फोडणार, या भीतीनं भुजंग मान खाली घालून उभा राहिला. व्यंकटरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे. इच्यार केला म्यां. बरंच झालं."

"काय बरं झालं, दादा?"

"पडू दे हापसा त्यांच्या वस्तीत. त्यांचं पाणी त्यांच्याकडं, आपली विहीर आपल्याकडं. रोजची कटकट गेली. आता त्यांचं पाऊल आपल्या अंगणात यायला नको अन् सरकारचा धाकबी नको."

भुजंगला हायसं वाटलं. हरूनही काही बिघडलं नव्हतं. उलट फुकटात काम झालं होतं. व्यंकटरावांनी तर पुढं होऊन टाळ्याही वाजवल्या, सगळ्यांना ऐकू जाव्यात अशा.

साहेब भोंग्यावर म्हणाले, "मास्तर, जागा सांगा. उद्याच गाडी पाठवतो."

वस्तीच्या बाया पुढं सरकल्या. भीमानं आईकडं पाहिलं. चांगुणानं मान डोलावली.

"व्यंकटरावांच्या दारात," भीमा म्हणाला.